पाणकोंबडीचं पोट

तलावावर तिला सगळे पाणकोंबडी म्हणत. ती दहा वर्षांची असताना जुन्या प्रशिक्षकांनी हे नाव ठेवलं, कारण पोरगी पाण्याबाहेर यायला तयारच नसे. पुढे ती तिथेच पोहायला शिकवू लागली, सकाळची बायकांची बॅच तिच्याकडे आली, अडतिशी उलटली, तरी नाव काही सुटलं नाही.

आणि आता बघा, हीच पाणकोंबडी अडीच वर्षांत पाण्यात उतरली नव्हती. तिला जुळे मुलगे झाले, दोघेही चांगले दणकट. त्यांनी आत असताना जी जागा करून घेतली, ती बाहेर आल्यावर परत केली नाही. पोटाचे स्नायू मधोमध फाकले, कातडी सैल पडली. वजन तिने केव्हाच उतरवलं होतं, हातपाय पूर्वीसारखे सडपातळ होते, पण पोट आपलं पुढेच. पोहण्याच्या पोशाखात ते लपवणार कुठे? मग ढगळ टीशर्ट घालून ती काठावर उभी राहायची, हातात लांब बांबू. पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवणारी बाई आता बांबूने शिकवत होती. विचारलं तर सांगायची, कान दुखतो. बॅच संपली की काठावर बसून पाय घोट्यापर्यंत बुडवायची आणि पाण्याकडे बघत राहायची. जीव नुसता तळमळायचा तिचा.

एकदा बॅचमध्ये एक निवृत्त शिक्षिका नव्याने आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं आणि विचारलं, "कितवा महिना गं?"

हा प्रश्न तिला काही नवा नव्हता. दरवेळी ती जुळ्यांची, स्नायूंची सगळी कहाणी सांगायची, मग समोरचीचं तोंड उतरायचं, मग हिनेच तिची समजूत काढायची. त्या दिवशी तिला त्याचा मनस्वी कंटाळा आला. "पाचवा," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवून मोकळी झाली.

पण शिक्षिकाबाईंच्या पोटात काही राहतंय होय! दुसऱ्या दिवशी काठावर तिच्यासाठी खुर्ची मांडलेली. एकीने पाठीला उशी आणली. बांबू उचलायला वाकली तर चारजणी ओरडल्या, "मॅडम, राहू दे!"

नवरा बस चालवायचा. त्याने घरी हे ऐकलं आणि हसून हसून त्याची मुरकुंडी वळली. "आता चार महिन्यांनी काय दाखवणार आहेस त्यांना? माझा जेवणाचा डबा?"

ती चिडली. पण खरी गोष्ट तिने त्याला सांगितलीच नाही. तिला ते आवडायला लागलं होतं. अडीच वर्षं ह्या पोटाकडे लोकांनी चोरून पाहिलं होतं, आता सरळ आणि प्रेमाने बघत होते. "काय हवंय, मुलगा की मुलगी?" कुणीतरी विचारलं, आणि "मुलगी" हे उत्तर इतक्या झटकन तिच्या तोंडून निघालं की तिची तीच दचकली. त्या आठवड्यात जुळ्यांचे आखूड झालेले कपडे कुणाला तरी देऊन टाकायला काढले, तर त्यातले चांगले चांगले ती बाजूला ठेवायला लागली. कुणासाठी, बाई? तिने स्वतःलाच झापलं. ह्या खोट्याला नववा महिना लागायच्या आत तिने सर्जनची वेळ घेतली.

सर्जन बाई शांत होत्या. तिला तपासायला आडवं केलं आणि म्हणाल्या, "पोट सैल सोडा."

"सोडलंय."

"नाही सोडलंत."

खरंच सोडलेलं नव्हतं. चारचौघांत आत ओढून धरायची सवयच जडली होती. दोन-तीनदा लांब श्वास घेतल्यावर ते सुटलं, आणि सर्जन बाईंची चार बोटं स्नायूंच्या मधल्या फटीत आरामात मावली.

"चरबी काढून उपयोग नाही, ती तुम्हाला नाहीच," त्या म्हणाल्या. "व्यायाम केलात?"

"शिकवणारी ठेवून वर्षभर केला."

"मग ऑपरेशन. जादा कातडी काढायची, स्नायू मधोमध शिवायचे. खाली ह्या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहील. सहा आठवडे मुलांना उचलायचं नाही. पोहणं साधारण तीन महिन्यांनी, तेही मी तपासल्यावर."

"पण पोहता येईल?"

"येईल की."

तिचे डोळे भरून आले. ह्या दोन शब्दांसाठी तिने कसल्याही व्रणाला मान डोलावली असती.

"एक राहिलं," सर्जन बाई कागद पुढे ओढत म्हणाल्या. "आणखी मूल हवंय का? पुन्हा दिवस गेले तर शिवलेलं सगळं ताणलं जाईल. म्हणून कुटुंब पूर्ण झालं असेल तरच आम्ही हे करतो."

हे तर जुळी झाली तेव्हाच नवराबायकोने ठरवून टाकलं होतं. उत्तर तयार होतं. तरी ते बाहेर यायला फार वेळ लागला. सर्जन बाई लेखणी धरून थांबल्या.

"नको," ती म्हणाली. त्यांनी तसं लिहिलं.

बाहेर बाकड्यावर नवरा बसला होता. ती शेजारी बसली आणि सगळं सांगितलं, व्रण, सहा आठवडे, तीन महिने. शेवटी म्हणाली, "आणि आता मूल नाही."

"ते आपलं ठरलेलंच आहे ना?"

"ठरलेलंच आहे."

"मग रडतेस कशाला?"

"मला मुलगी हवी होती रे," ती म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि हे ती त्याला पहिल्यांदाच सांगत होती.

त्याने तिचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "मग थांबूया का? ऑपरेशन राहू दे."

समोरच्या दारातून एक बाई आत गेली, दुसरी बाहेर आली. मग तिने ओढणीने तोंड पुसलं.

"नाही," ती म्हणाली. "जा, तारीख घेऊन ये."