सासऱ्याची पायली आणि एकसष्ट टक्के

कुणाली अमेरिकेत नापास झाली ही बातमी मी गावभर केली, असं लोक म्हणतात. साफ खोटं. मी फक्त दोघांना सांगितलं. त्यातला एक किन्हवलीच्या भरल्या रिक्षेत बसला होता आणि दुसरी हळदीला निघाली होती, यात माझा काय दोष?

घडलं ते असं. नोव्हेंबरात मी हयातीच्या दाखल्यासाठी शहापूरला संगीताच्या दुकानात गेलो होतो. संगीता झेरॉक्स काढते, ऑनलाइन फॉर्म भरते, आणि कोणाचा फॉर्म कशाचा ते न विचारता सांगते. म्हणून मी दुसऱ्या दुकानात जात नाही. तिथं कुणाली बसली होती. आमच्या गावच्या विनोदची मोठी पोर.

ही पोर लहानपणापासून आकड्याला चिकट. विहिरीची जागा दाखवायला एक पाणाड्या गावात यायचा, तळहातावर नारळ ठेवून फिरायचा. आठवीतली कुणाली त्याच्यामागे वही घेऊन हिंडली आणि वर्षभरानं भर मांडवात त्याला म्हणाली, ‘‘काका, चौदापैकी पाच विहिरींना पाणी लागलं.’’ तो पाणाड्या पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. पोर मात्र त्याच धंद्याला लागली. भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. झाली, एकसष्ट पूर्णांक आठ टक्के मिळवले. विनोदनं फाट्यावर बॅनर लावला. ‘फर्स्ट क्लास!’ त्यावर पोरीपेक्षा बापाचा फोटो मोठा होता. आता तिला जमिनीखालच्या पाण्याचं पुढचं शिक्षण अमेरिकेत घ्यायचं होतं.

संगीतानं कुठल्याशा फुकटच्या वेबसाइटवर तिचे टक्के टाकले. इकडचे मार्क तिकडचे किती, ते ती वेबसाइट सांगत होती. पडद्यावर आलं डी मायनस. चारपैकी शून्य पॉइंट सात.

‘‘डी मायनस म्हंजे काय गो?’’ मी विचारलं.

‘‘आबा, याच्या खाली तिकडं नापासच.’’

आता ‘याच्या खाली नापास’ आणि ‘नापास’ यात अंतर असतं, मान्य. पण रिक्षेत गर्दी होती, बोलणं आटोपशीर ठेवावं लागतं.

पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. म्हणाली, ‘‘संगीताताई, हा आकडा फॉर्मात टाकू नको. आधी सूचनांची प्रिंट दे.’’

‘‘बावीस पानं हायत!’’

‘‘वाचते.’’

तिसऱ्या दिवशी मी खळ्यावर भात झोडत होतो, म्हणजे झोडणाऱ्यांना चुका दाखवत होतो. कुणाली समोर येऊन उभी राहिली.

‘‘आबा, मी नापास झाले म्हणं.’’

‘‘कोण बोललं?’’

‘‘तुमी.’’

मी गवताची काडी दातात धरली.

‘‘तोंड चालतंय ना तुमचं? मग उद्या माझ्यासोबत कॉलेजात चला.’’

वाटेत एसटीत तिनं सगळं सांगितलं. एकोणिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की मार्क बदलून लिहू नका, तुमच्या विद्यापीठानं दिले तसेच लिहा. त्या मार्कांची तुमच्याकडे काय किंमत आहे, ते कॉलेजचं पत्र जोडा. आमच्याकडे साठ म्हणजे डोंगर. तिच्या वर्गात बेचाळीस पोरं, साठच्या वर पाचच. सगळ्यांत जास्त चौसष्ट, आणि ही दुसरी. एवढंच कागदावर शिक्क्यानिशी हवं होतं. पण कॉलेजचा हेडक्लार्क कुंडलिक, त्यानं तिला दोन दिवसांत चार वेळा एकाच वाक्यानं परत पाठवलं होतं, ‘‘असा नमुना नाय.’’

पंधरा डिसेंबर शेवटची तारीख. ती गेली की वर्ष गेलं. आणि वाशिंदचं एक स्थळ बैठक मारून बसलं होतं. विनोदनं त्यांना थोपवलं होतं ते याच वर्षापुरतं.

‘‘कुंडलिकचं तुमाला काय काय माहीत हाय?’’ तिनं विचारलं.

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी इतक्या आदरानं विचारला नव्हता. मी सुरू झालो ते शहापूरचा डेपो येईपर्यंत. तिनं बाकी सगळं सोडून दिलं आणि एकच गोष्ट दोनदा सांगायला लावली.

कुंडलिक टेबलावर चहा पीत होता. तिला बघून कपही खाली न ठेवता म्हणाला, ‘‘पोरी, सांगितलं ना, असा नमुना नाय.’’

‘‘नमुन्यासाठी नाय आले, भाऊ. तुमची सासुरवाडी मुरबाडकडची ना?’’

‘‘मग?’’

‘‘सासरे दरसाल लेकीला चार पायल्या तांदूळ धाडतात म्हणं.’’

कुंडलिकनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं सुट्ट्यांचं वेळापत्रक वाचू लागलो.

‘‘चार कसले!’’ त्याचा कप एकदाचा खाली आला. ‘‘त्यांच्या घरचं पायलीचं माप बघ जरा. बूड ठोकून ठोकून वर आलंय. आमच्या पायलीनं मोजले की साडेतीन. पंधरा वर्षं साडेतीन! आणि म्हातारा आपला सांगत फिरतो, चार दिले, चार दिले.’’

‘‘मग कोणी चार पायल्या बोललं, तर तुमी पहिलं काय विचारता?’’

‘‘पायली कुणाची, ते!’’

‘‘अमेरिकावालेपण तेच विचारतात, भाऊ. एकसष्ट टक्के कळले, पायली कुणाची? त्यांची पायली लहान, तिकडं पोरांना नव्वद मिळतात. आपली मोठी. बेचाळीसात साठच्या वर पाचच, एवढंच लिहून द्या.’’

मागच्या टेबलावरची बाई फिस्सकन हसली. कुंडलिक हसला नाही. पायलीच्या बाबतीत तो हसत नसे. त्यानं कपातला उरलेला चहा संपवला, मग कपाट उघडून निकालाचं रजिस्टर काढलं आणि बेचाळीस नावांवरून बोट फिरवलं. दोनदा. साठच्या वरचे मोजले. चारच भरले.

‘‘पाच म्हणालीस ना गो?’’

कुणाली वाकली. ‘‘पान उलटा. शेवटचं नाव मागच्या बाजूला हाय.’’

होतं. साठ पूर्णांक दोन.

पत्राचा मसुदा तिनं करूनच आणला होता. प्राचार्यांची सही व्हायला आणखी चार खेपा लागल्या, त्यातल्या दोन मी केल्या. तेरा तारखेला संगीतानं फॉर्म पाठवला. टक्क्यांच्या रकान्यात एकसष्ट पूर्णांक आठ, शंभरपैकी, सोबत पत्र.

तीन ठिकाणी अर्ज होते. दोघांनी नाही म्हटलं. वाशिंदवाले फेब्रुवारीत निरोपावर निरोप धाडू लागले. मार्चात तिसऱ्यांचं पत्र आलं. ये म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावात झालं की कुणाली अमेरिकेत पहिली आली. या वेळी मी एकालाच सांगितलं होतं, शपथ. पण ही पोर! फाट्यावर रिक्षा थांबवून आतल्या माणसांना सांगत होती, ‘‘पहिली नाय ओ, दुसरी. आणि तीपण इथल्या वर्गात.’’

विनोदनं नवा बॅनर करायला घेतला. तो ‘जगात अव्वल’वर अडून बसला, ती आकड्यावर. दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. शेवटी बॅनर लागला तेव्हा मी मुद्दाम चष्मा पुसून वाचला. बापाचा फोटो तेवढाच मोठा. खाली ‘६१.८ टक्के’, आणि त्याखाली तेवढ्याच अक्षरांत, ‘बेचाळीसपैकी दुसरी’.

कुंडलिक मोटारसायकल थांबवून तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, ‘‘असं लिहावं माणसानं, पायलीसकट. म्हाताऱ्याला आणून दाखवतो.’’