टिएर्नीचं मोडलेलं बोट

ओवेन टिएर्नीला झेलायला कुणी शिकवलं नाही. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या वीटभट्टीवर तो खालून फेकलेल्या विटा वरच्या वर पकडायचा. तिथूनच क्लबवाल्यांनी त्याला उचलला आणि बॅटवाल्याच्या पाठीमागे उभा केला. पगारी बेसबॉल खेळाडू! आईने कपाळाला हात लावला. पण पठ्ठ्याने दहा हंगाम उघड्या हातांनी चेंडू झेलले. हातमोजा घातला की लोक ‘बाईसाहेब’ म्हणून ओरडत, मग कोण घालणार?

यंदा मधलं बोट मोडलं. जायबंदी झाला की पगार बंद, म्हणून ओवेन गप्प राहिला. शनिवारी दोन चेंडू हातातून निसटले आणि सामना गेला. झालं! जुगाऱ्यांचे पैसे खाऊन सामने विकणाऱ्यांचा तेव्हा नुसता सुळसुळाट होता, ओवेनवरही तोच संशय.

तो जेवायला बसला की टेबलावरची बोलणी थांबत. नवी टोपी घातली, तर सगळ्यांच्या नजरा टोपीवर.

“कुणी दिली रे?” बियरचा घोट घेत संघातल्या एकाने विचारलं.

“बायकोने.”

“हो का! मोठी कमावती दिसते वहिनी.”

ओवेनने मान खाली घातली.

“चोराच्या मनात चांदणं,” दुसरा पुटपुटला.

कप्तान वेंडेल प्रॅट तर सावलीसारखा मागे. ओवेन कुणाशी बोलतो, कुठल्या गुत्त्यात शिरतो, सगळ्यावर मेल्याचं लक्ष!

शेवटी ओवेनने ठरवलं, खरं सांगून टाकायचं. मोडलेलं बोट जुळतं, पुढल्या हंगामात परत उभं राहता येतं. विकल्या गेलेल्या माणसाला कुठलाच क्लब दारात उभं करत नाही. सोमवारी सकाळी मैदानावर त्याने प्रॅटसमोर हात पुढे केला.

“हे बघ कप्तान. मोडलंय. म्हणून सुटले चेंडू. आईशपथ, कुणाचा पैसा खाल्ला नाही.”

प्रॅटने सुजलेल्या बोटाकडे पाहिलं. “झेलणाऱ्याची बोटं कधी सरळ असतात काय रे? मला शिकवतोस?”

“अरे, दुखतं म्हणून तर...”

प्रॅट दहा पावलं मागे गेला आणि हातातला चेंडू त्याने सणसणीत फेकला, थेट तोंडावर. ओवेनला विचार करायला सवडच नव्हती. हात आपसूक वर गेले. चेंडू तळव्यात चपखल बसला. कळ थेट मस्तकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, पण चेंडू काही सुटला नाही.

प्रॅट जवळ आला, त्याच्या मुठीतून चेंडू काढून घेतला.

“हाच शनिवारी का नाही झेललास?”