कुमुदताई आणि स्वीडनकर

कुमुदताई सावंत जुन्या कागदांवरची धूळ तळहाताने पुसत. फडकं, ब्रश सगळं टेबलावर असे, पण त्या म्हणत, "अगं, पानाची शीर कुठे मोडेल ते हातालाच कळतं."

एडिनबरातल्या एका खासगी संग्रहात दोन हजार चार साली मी कामाला लागले. फार पूर्वीच्या एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्यभर भटकून गोळा केलेली, कागदांवर चिकटवलेली वाळकी झाडंपानं तिथल्या कपाटांत होती. मी त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचे. ताई त्याच्या लॅटिन नोंदी आणि रोजनिशी वाचायच्या. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या ताई, नवरा गेल्यावर मुलीकडे बर्मिंगहॅमला आल्या आणि या कामासाठी एकट्या इकडे येऊन राहिल्या. त्या शास्त्रज्ञाला त्या 'आमचे स्वीडनकर' म्हणत.

चहाच्या वेळी स्वीडनकरांचा प्रवास कळे. उत्तरेच्या बर्फात ते महिनोन्‌महिने चालले. नदीत होडी उलटली तेव्हा कपडे वाहू दिले, पण कागदांचं गाठोडं डोक्यावर धरलं. मग दक्षिणेला जाणारं जहाज, उष्ण बंदरं, ताप. "आता अक्षर तिरकं जायला लागलंय त्यांचं," ताई एकदा म्हणाल्या. "पुढचं पान उलटायची भीती वाटते बघ."

त्या वर्षी थंडी सुरू होताच ताईंचंही अक्षर बिघडलं. चहा बशीत सांडू लागला. इतकी शांत बाई, पण एखादी चिठ्ठी सापडली नाही की माझ्यावर ओरडायची आणि मग रडायची. खोलीच्या खिडक्या बंद, हीटर दिवसभर चालू. "वय झालं गं," एवढंच म्हणायच्या.

दिवाळीच्या आठवड्यात संग्रहाच्या जुन्या वहीत मला एक ओळ दिसली: कीड लागू नये म्हणून सगळे कागद पाऱ्याच्या विषारी द्रावणातून काढले होते. मी ती तीनदा वाचली. ते विष अजूनही हवेत उतरू शकतं, हे मी घरी जाऊन इंटरनेटवर वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हातमोजे घातले. "थंडी वाजते का गं?" ताईंनी विचारलं. मी हो म्हटलं.

सांगितलं असतं तर खोलीला कुलूप लागलं असतं. आणि काम पूर्ण झाल्याशिवाय माझं वर्क परमिट वाढणार नव्हतं.

मार्चमध्ये ताई जिन्यात पडल्या, तेव्हा कुठे मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना सगळं सांगितलं. तपासणीत पारा सापडला. कपाटं सील झाली. मुलीने ताईंना बर्मिंगहॅमला नेलं.

उन्हाळ्यात मी भेटायला गेले. मुलगी त्यांना चमच्याने वरणभात भरवत होती. ती आत गेल्यावर ताई म्हणाल्या, "स्वीडनकर कुठल्याशा बंदरातच वारले बघ. कशाने, ते त्यांना कळलंच नाही." मग माझ्याकडे बघत विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

खोटं बोलता आलं असतं. "दिवाळीत, ताई."

त्यांनी वरणभाताची वाटी बाजूला सारली. मग मुलीला हाक मारली. मला वाटलं, आता सगळं तिला सांगणार.

"हिला बसस्टॉपपर्यंत सोड," त्या म्हणाल्या. "इथले रस्ते हिच्या माहितीचे नाहीत."

त्यानंतर त्यांनी माझा एकही फोन घेतला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांनी मुलीला काय सांगितलं होतं, ते मला कधीच कळलं नाही. मुलीने मात्र फोनवर मला विचारलं, "मावशी, अंत्यविधीला तुम्ही येणार ना?"