लोखंडी बाई आणि ताईचा पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे मामाच म्हणत. खरी भाची म्हणाल तर एकच, ताईची मुलगी. पण तिची हाक वर्कशॉपभर पसरली आणि मामांचा इलाज चालला नाही. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना पाय बसवले. स्वभाव जरा तिरसट. कुणी कुणाला 'बिचारा' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "बिचारा कसला? पाय गेलाय, अक्कल नाही गेली," असं ते तोंडावर सांगायचे, आणि ज्याचा पाय गेलेला असायचा तो त्या दिवसात पहिल्यांदा हसायचा.

त्यांची कामाची एक रीत होती. नवा माणूस आला की प्लॅस्टरचं माप नंतर. आधी त्याचे झिजलेले जुने बूट मागायचे. तळ कुठे घासलाय, टाच कुठे बसलीय, ते बोट फिरवून बघायचे. तीन-चार महिने नव्या पायावर चालल्यावर नवा बूटही बरोबर त्याच जागी घासायला लागायचा. मामांना याचं नवल वाटायचं, पण त्यावर विचार करत बसायला वेळ कुणाला होता?

असा हा माणूस ताईपुढे मात्र टेकीला आला होता. ताई म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. साखरेच्या दुखण्यानं तिच्या डाव्या टाचेची जखम चिघळली होती आणि विष वर चढत होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गुरुवारपर्यंत गुडघ्याखालून पाय काढला नाही तर जीव वाचणार नाही. ताई म्हणाली, "आले तशी अख्खी जाईन."

"ताई, मी करीन ना पाय! असा करीन की कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना! आज पाय काढाल, उद्या गुडघा, परवा आणखी काही. मग या खाटेवर जी पडलेली असेल ती मी, की तुझ्या वर्कशॉपातलं सामान?"

शेकडो लोकांची समजूत काढलेला माणूस सख्ख्या बहिणीपुढे मुका झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मंगळवारी दुपारी भाची दवाखान्यातून औषधं आणायला बाहेर गेली आणि तिची पिशवी खुर्चीवर राहिली. तिला जपानी भाषेचं वेड होतं, आणि त्याहून जास्त तिथल्या चित्रकथांचं. पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक डोकावत होतं. मामांनी उगीच चाळा म्हणून ते उघडलं. अक्षर कळायचा प्रश्नच नव्हता, पण चित्रं बोलकी होती. पहिल्याच पानावर उंच इमारतीच्या गच्चीवर एक बाई पावसात उभी. सगळी लोखंडाची, पाठीतून वायरी निघालेल्या, चेहऱ्याच्या जागी नुसता पत्रा. मामांचा धंदाच तो. त्यांनी आधी तिच्या गुडघ्याचा सांधा तपासला आणि तो बरा आहे असं ठरवलं.

पुढे तिला डोळे मिळाले. मग चेहरा, मग पाय, मग हात. मग एका ठिकाणी ती नदीतून उडून थेट पुलावर येते, ते जरा विचित्र वाटलं. पण परक्या लोकांच्या पुस्तकात आपण कशाला नाक खुपसा? शेवटच्या पानावर हाडामांसाची एक मुलगी पायरीवर बसली होती, अनवाणी, खुशाल पाय हलवत. मामांचा ऊर भरून आला. ते खुर्ची ओढून ताईच्या उशाशी बसले आणि पहिल्या पानापासून तिला एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगू लागले. "बघ, बाई सगळी लोखंडाची होती. पण आत माणूस होता ना, तो हळूहळू बाहेर आला. लोखंडानं माणूस मरत नाही, ताई."

दोन तास ताई ऐकत होती. मध्येच "मग?" म्हणायची. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "आण तो कागद," आणि तिने ऑपरेशनच्या संमतीवर सही केली.

संध्याकाळी व्हरांड्यात मामांनी आपला पराक्रम भाचीला सांगितला. ती खो खो हसली.

"मामा, ही पुस्तकं उजवीकडून उघडतात. तुम्ही शेवटाकडून सुरुवात केलीत."

खरी गोष्ट बरोबर उलटी होती. पायरीवरची मुलगी पुलावरून नदीत पडते. एक कंपनी तिला नवा हात देते, मग पाय, मग चेहरा, मग डोळे, आणि शेवटी आठवणीसुद्धा एका डबीत भरून देते. सगळं बदलून झाल्यावर ती गच्चीवर उभी राहून विचारते, 'माझं मूळचं काहीच उरलं नाही. मग हे विचारतंय कोण?'

"मग? कोण विचारतंय?" मामांनी विचारलं.

"ते सांगत नाहीत. अशा कथांमध्ये हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शरीर माझं, की मी शरीराची? आठवणी दुसऱ्यानं भरल्या तर त्या माझ्या का? उत्तर कुणीच देत नाही. म्हणून तर मी वाचते."

मामांचा चेहरा पडला. म्हणजे ताईला जी भीती होती तीच त्या पुस्तकात लिहिलेली होती, आणि आपण ती उलटी करून तिला गोड गोड सांगितली. भाची म्हणाली, "राहू द्या ना मामा, सही तर झाली." पण बत्तीस वर्षांत त्यांनी पायाच्या बाबतीत कुणाला थाप मारली नव्हती. सांगावं तर ताई सही मागे घेईल आणि जीव जाईल. न सांगावं तर तिचा पाय फसवून काढल्यासारखं होईल. बुधवारचा अख्खा दिवस मामांनी इकडे आड तिकडे विहीर करत काढला.

गुरुवारी सकाळी ते ताईजवळ गेले. "ताई, ते पुस्तक मी उलटं वाचलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पोरगी सात वर्षं माझ्यासमोर तसली पुस्तकं उजवीकडून उघडते. मला काय डोळे नाहीत? ती बाई नदीतून उडून पुलावर आली तेव्हा तर मला हसू आवरेना."

"मग सही कशाला केलीस?"

"गोष्टीसाठी नाही केली. तू पानं उलटत होतास आणि तुझा हात कापत होता. आई गेली त्या दिवशी कापत होता ना, तसा. तेव्हा धरायला मी होते. म्हटलं, आता मी गेले तर हा हात धरणार कोण? लोखंडाची का होईना, धरणारी पाहिजे."

मामा रडले. रडणं लपवलं नाही, डोळेही पुसले नाहीत. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. त्यावर सरकता सरकता ताई म्हणाली, "आणि ऐक. तुझ्या त्या साच्यातला सरळ बोटांचा पाय मला नको. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं हवं. आईच्या डाव्या पायाचं होतं तसं." मामांनी पायाकडे पाहिलं, पण तो बोटांपर्यंत पट्टीत गुंडाळलेला होता. मग दार बंद झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. जखम भरायला दोन महिने लागले. ताई आता रोज फोन करून "माझा पाय कुठवर आला?" म्हणून भंडावू लागली. मामांनी सगळी मापं टेबलावर मांडली. फक्त त्या बोटाचं माप नव्हतं. ते कुठून आणायचं? ताईचा डावा पाय तर गेला होता, आणि उजव्याची बोटं चारचौघांसारखी सरळ. मामांनी उठून वर्कशॉपचं दार लोटलं, डाव्या पायातला मोजा काढला, जमिनीवर कोरा कागद पसरला आणि आईसारखंच बोट अंगठ्यावर चढलेल्या स्वतःच्या पायाभोवती पेन्सिल फिरवली.