खोडलेले दहा दिवस

काळकामाच्या गणितांची मला अशी धास्ती होती, की 'मजूर' शब्द दिसला तरी मी पान उलटायचे. गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. रत्नागिरीच्या शाळेत आमच्या वर्गात मुली तिघीच. वडील मुंबईला नोकरीत, घर थोरल्या काकांच्या धाकात. त्यांनी बजावलं होतं, "एका जरी विषयात नापास झालीस तर शाळा बंद." काका नुसतं बोलत नसत, धाकट्या आत्याची शाळा त्यांनी तशीच बंद केली होती.

वार्षिक परीक्षेत नेमकं तेच आलं. एक पुरुष एक काम पंधरा दिवसांत करतो. तो आणि एक स्त्री मिळून तेच काम सहा दिवसांत करतात. तर स्त्री एकटी किती दिवसांत करील? मी क्ष मानला, समीकरण मांडलं. उत्तर आलं दहा.

पुरुषाला पंधरा आणि बाईला दहा? माझी पाचावर धारण बसली. पुस्तकातली बाई नेहमी पुरुषाच्या निम्मंच काम करायची. पुन्हा सोडवलं, पुन्हा दहा. तिसऱ्यांदाही दहाच. शेवटी सगळं खोडलं, 'तीस दिवस' लिहिलं आणि मोकळी झाले. केवढी मी शहाणी!

चार गुणांनी नापास झाले. मास्तर म्हणाले, "खोडलंस ते बरोबर होतं. पण खोडलेल्याला गुण नाहीत."

घरी रडत रडत आईला सगळं सांगितलं. तिला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "अगो, लावणीला शेतात दिवसभर वाकलेल्या कोण असतात? बघतेस ना दरसाल? मग खोडलंस कशाला?"

"भ्याले."

त्या काळी थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती. आई त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती. त्या संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन ओटीवर गेली. दाराआड मी कान देऊन उभी राहिले. आता माझ्यापायी हिलाही बोलणी बसणार.

"पोरीला गणित येतं," आई म्हणाली. "भ्याली म्हणून खोडलंन. एक वर्ष द्या. पुढल्या खेपेस भिणार नाही ती."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "एक वर्ष. एकच."

आई आत आली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता. मला तिच्याकडे बघवेना. मी भिणार नाही, असा शब्द ती देऊन आली होती, आणि मी अजून दाराआडून बाहेर आले नव्हते.