दहावा चॅनल

पिकं बुडाली त्या वर्षांत अकोल्यात लग्नं साधी होऊ लागली आणि आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक माणसं कमी करू लागले. मी कीबोर्ड वाजवायचो. मी गाण्यांच्या मिडी फाइली फ्लॉपीवर आणल्या. त्या लावल्या की ढोलकीसकट सगळी साथ कीबोर्डच वाजवायचा, तसं मालकांनी ढोलकीवाल्या काकांना घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी काका तालमीच्या खोलीत घुसले. "माह्या हाताचा आवाज चोरला काहून बे?" म्हणत त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी त्यांच्या पोटात लाथ घातली. त्यांनी माइकचा लोखंडी स्टँड माझ्या तोंडावर हाणला. दोन दात पडले.

रक्त थुंकत मी ओरडलो, "काका, त्या फाइलीत आवाज नसतेच! कोणता सूर कधी अन् किती जोरात वाजवाचा, एवढंच लिवलेलं असते. आवाज कीबोर्डचा असते."

"खोटं नको बोलू!" त्यांनी पुन्हा स्टँड उगारला.

मी कीबोर्डवर गाणं लावलं आणि तालवाद्यांचा दहावा चॅनल बंद केला. ढोलकी थांबली, गाणं चालूच राहिलं, काकांच्या ढोलकीची जागा मोकळी सोडून. काकांचा हात खाली आला.

"काका नसतील तर मीही नाही," असं मी मालकांना सांगितलं. काका परत आले. माफी मात्र आम्ही दोघांनीही कधी मागितली नाही.