टेपवर न आलेले अप्पा

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचतो आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून हसतो, हे आधीच कबूल करतो. हडळ, चकवा, चिंचेखालचा पांढऱ्या कपड्यातला माणूस... मला कधी काही पटलं नाही. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात. कामावर असताना उघड्या माळावर तंबूत झोपलेला माणूस आहे मी. कुणी भेटलं नाही, कुणी हाक मारली नाही. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण लाज नुसती त्याचीच नाही, ते पुढे येईल.

आम्ही सोलापूरचे, बाळीवेशीतले लिंगायत. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. अप्पा, म्हणजे माझे वडील, सगळा जन्म गिरणीच्या लूम खात्यात काढून घरी बसलेले. आई लवकर गेली. घरात अप्पा, मी आणि माझी बायको गिरिजा. धाकटी बहीण महादेवी. तिनं आमच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं. मुलगा विणकरांच्या तेलुगू घरातला, नोकरी रेल्वेत, क्वार्टर होटगीला. मुलगा चांगला होता. हे आज म्हणतो, तेव्हा म्हणालो नव्हतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती मैत्रिणीच्या घरी होती. अप्पांनी माझ्याजवळ निरोप दिला. मी जाऊन तिला सांगितलं, "अप्पा म्हणतात, तू आम्हाला मेलीस." ती उंबऱ्यात उभी होती. रडली नाही. म्हणाली, "अप्पांनी स्वतः बोलावलं तर येईन, अण्णा. तुझ्या तोंडून त्यांचा निरोप पुन्हा ऐकणार नाही."

होटगी म्हणजे काय लांब? पॅसेंजरमध्ये बसलं की आलंच. तरी ती आली नाही, आम्ही गेलो नाही. वर्षं अशीच गेली.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात अप्पा मोरीत घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. त्या वयात ते काय जुळणार? कॉटवर पडून राहिले, खंगत गेले. एक दिवस मला म्हणाले, "शिवू, मादेवीला बोलीव."

"मी उद्याच जाऊन सांगतो."

"तुज्यावर ती इस्वास ठेवायची न्हाय. माजं मीच बोलतो की. त्या ह्याच्यात बोलतो... डब्यात. तो डबा घिऊन जा तिच्याकडं."

डबा म्हणजे टेपरेकॉर्डर. शेजारच्या बारशाला कुणीतरी आणला होता, तो अप्पांनी पाहिला होता. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाला ही युक्ती सुचली, मला सुचली नव्हती.

नवा परवडणार नव्हता. नवी पेठेत एका बोळात लतीफभाई म्हणून होते, आखातातून आलेली जुनी यंत्रं दुरुस्त करून विकायचे. त्यांच्याकडे एक जपानी, खांद्याला अडकवायचा, चामडी कव्हराचा कॅसेट रेकॉर्डर मिळाला. वापरलेला, पण पुसून, रंगवून नव्यासारखा केलेला.

"साब, हेड नया, बेल्ट नया, मोटर खोलके साफ कऱ्या मैं," लतीफभाई म्हणाले. "मच्छर खाँसा तो बी पकडता ये!"

रविवारी सकाळी अप्पांना उशीला टेकवून बसवलं. मी यंत्र मांडलं तर म्हणाले, "टोपी दे."

"अप्पा, फोटो नाही काढत."

"लेकीशी बोलायचं हाय. बोडक्यानं बोलू व्हय?"

टोपी दिली. लाल बटण दाबलं. अप्पा बोलले. अर्धं कानडी, अर्धं मराठी, हळू, थांबत थांबत. पाय मोडल्याचं सांगितलं, जावयाची विचारपूस केली. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "मादेवी, जायचं तर जा, आमी येनार न्हाय, असं म्हनलो हुतो मी. मेलीस म्हनलो न्हवतो. ते माज्या तोंडातलं न्हवं. आता ये."

खरं आहे ते. 'मेलीस' हा शब्द माझा होता. पेठेत लोक काय म्हणतील या रागात मी तो अप्पांच्या नावानं बोललो होतो. अप्पांना हे कधी कळलं, कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. तेही रागावले नाहीत. नुसतं बघत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं.

मी यंत्र स्वयंपाकघरात नेऊन टेप उलटी फिरवली आणि लावली. पंख्याची करकर आली. "चहा टाकू का?" हा गिरिजाचा आवाज आला. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली, ती आली. "अप्पा, थोडं जवळ बोला," हे माझं वाक्य आलं. अप्पांचा आवाज मात्र नाही. जिथं ते बोलले होते तिथं पंखा करकरत होता, बस. मधेच मी "हां... हां अप्पा" म्हणत होतो, रिकाम्या खोलीत वेडा बोलावा तसा.

सगळं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो. पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर राग आला. यंत्राचा, लतीफभाईंचा, स्वतःचा.

पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा तेच. कॅसेट बदलली, तेच. यंत्र उचलून नवी पेठेत गेलो. लतीफभाईंनी तोंडाजवळ धरून "हॅलो हॅलो, क्या बोलता सोलापूर!" केलं, लावलं. लख्ख. समोरच्या उसाच्या गाड्यावरचं भांडणसुद्धा शब्दन् शब्द आलं. "साब, मशीन में कुच बी नै. बडे मियाँ की आवाज बारीक होगी." घरी आलो, माईक अप्पांच्या ओठांना लावला. नाही. परत दुकान. लतीफभाईंनी हेड काढलं, दुसरं बसवलं. परत घर. नाही. ऑफिसातून अर्धी रजा टाकून या डबड्यामागे उन्हातान्हात हिंडताना मी इतका वैतागलो होतो की एकदा वाटलं, गावच्या कंबर तलावात फेकून द्यावं आणि मोकळं व्हावं.

अप्पा रोज विचारायचे, "दिलास का डबा मादेवीला?"

शेवटी लतीफभाईच घरी आले. "मेरे मशीन की बदनामी हो रई, साब," म्हणत कॉटशेजारी स्टुलावर बसले, बटण दाबलं आणि अप्पांशी गप्पा मारायला लागले. अप्पा खुशीत होते. गिरणीतल्या एका मुकादमाची गोष्ट सांगितली. हा मुकादम झोपेतसुद्धा लूमचा ठेका धरायचा, म्हणून बायको माहेरी निघून गेली, अशी काहीतरी. लतीफभाई मांडीवर थाप मारून हसले. मग टेप लावली. लतीफभाई विचारतायत, "फिर क्या हुआ, चाचा?" मग पंखा. मग लतीफभाई एकटेच खदाखदा हसतायत. पुन्हा पंखा. पुन्हा एकट्याचं हसणं...

ते उठले. चहा अर्धा तसाच. दारात मला म्हणाले, "साब, मशीन रख लेव. मेरे दुकान कू फिरसे नक्को लाओ."

उत्तर सापडलं असं एकदा वाटलं होतं. अप्पांच्या बरोबरीचे रामय्याकाका भेटायला आले, त्यांना मी सगळं सांगितलं. ते हसायला लागले. "अरे बाबा, लूम खात्यात कोण आवाजानं बोलतंय? तितं शंभर माग एकदम चालतात. ओरडलं तरी ऐकू येतंय व्हय? आमी ओठांवर बोलायचो. सवय झाली की घरी आल्यावरबी गडी ओठच हलवतोय, आवाज काडायचंच विसरतोय. माजी बायको भांडायची, म्हनायची, माश्यागत काय तोंड करताय!"

मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. बरोबर! लहानपणापासून आम्ही अप्पांचे ओठ बघून वाढलो. ते आवाज काढत नाहीत हे आमच्या ध्यानातच आलं नसेल. आपण कानांनी ऐकतोय असं वाटत राहिलं असेल. लतीफभाईंचं काय, ते तर अप्पांचे ओठ बघून वाढले नव्हते, हा प्रश्न मनात आला, तो मी मागं ढकलला. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर माणूस कशाला खोदत बसतो?

पण खात्री करायची म्हणून यंत्र चालू केलं, अप्पांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. डोळेही मिटले.

"अप्पा, काहीतरी बोला."

"पाट फिरवून बसलास व्हय रे?" अप्पा म्हणाले. "अजून तोंड दाखवायची लाज वाटतीया?"

स्वच्छ ऐकू आलं. कानांनी. गिरिजा आतून आली, म्हणाली, "असं काय बोललात मामंजी त्यांना?" तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. टेप लावली. माझं "अप्पा, काहीतरी बोला" आलं. मग पंखा. मग गिरिजा.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर गिरिजालाही सांगितलं नव्हतं. हा अंक ती वाचेल तेव्हा तिला कळेल. मी नवी कॅसेट घेतली, ऑफिस सुटल्यावर यंत्र घेऊन मागच्या, जुन्या फायलींच्या रेकॉर्डरूममध्ये दार लावून बसलो, तोंडावर रुमाल धरला आणि अप्पांसारखं बोललो. "मादेवी, मी तुजा अप्पा. पाय मोडलाय. जावईबापू बरं हायत का? सवड काडून ये." अप्पांची लकब मला येतच होती, मुलगाच मी त्यांचा. 'मेलीस म्हनलो न्हवतो' हे वाक्य गाळलं. तेवढंच गाळलं. ते म्हणायला तोंड उघडलं होतं, हे शपथेवर सांगतो. आवाज फुटला नाही.

कॅसेट होटगीला जाणाऱ्या एका ओळखीच्या गार्डच्या हाती दिली; वाजवायला यंत्र त्याच्या घरी होतं. घरी येऊन अप्पांना सांगितलं, "दिला डबा."

अप्पांनी कॉट दाराकडे तोंड करून ठेवायला लावली. पॅसेंजरची वेळ झाली की टोपी मागायचे. गिरिजा त्यांना समजवायची, "मामंजी, नवऱ्याची ड्यूटी असेल, मिळेल तशी येतील." "व्हय, रेल्वेचं असंच असतंय की," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी. महादेवी आली नाही. श्रावणात अप्पा गेले.

मातीला ती आली. नवऱ्याबरोबर आली, मागे उभी राहिली. सगळे पांगल्यावर, गिरिजा मागच्या दारी असताना, घरात येऊन तिनं पिशवीतून ती कॅसेट काढली आणि रिकाम्या कॉटवर ठेवली.

"अण्णा, तुझा आवाज मी ओळखणार नाही, असं वाटलं तुला?"

मी कॅसेट उचलून खिशात घातली.

"मला वाटलं, अप्पा बोलायला तयारच नाहीत. म्हणून तू हे सोंग काढलंस. त्यांना नको असताना मी कशी येऊ? त्यांनी हाक मारली असती ना, तर मी रुळावरून चालत आले असते."

तेव्हा मी कपाटातून यंत्र काढलं आणि पहिल्या रविवारची टेप लावली. म्हणालो, "हे बघ, बोलले होते. खरंच बोलले होते." पंखा करकरायला लागला. गिरिजाचं चहाचं आलं. "अप्पा, थोडं जवळ बोला" आलं. महादेवी खाली बसली आणि कान अगदी यंत्राच्या जाळीला लावला. मला वेडी आशा होती की तिला तरी ऐकू येईल.

"इथं बोलतायत," मी म्हणालो.

"काय बोलतायत?"

मग मी सांगत गेलो. टेप पुढे सरकत होती आणि प्रत्येक रिकाम्या जागी मी अप्पांचं वाक्य म्हणत होतो. पाय मोडल्याचं. जावयाचं. आणि या खेपेला तेही म्हटलं, "मेलीस म्हनलो न्हवतो. ते माज्या तोंडातलं न्हवं. आता ये." म्हटलं, तो शब्द माझा होता, महादेवी, अप्पांचा नव्हता. माझा.

टेप संपली. बटण खट्कन वर आलं. महादेवीनं कान जाळीपासून काढला. मग पदर सावरून उठली.

"आत्ताही तूच बोलतोयस, अण्णा," ती म्हणाली.

नवऱ्याला हाक मारून ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर आलेली नाही.

ओळखीच्या एका इंजिनिअरनं नंतर मला माईक, लहरी, चुंबक असलं बरंच समजावून सांगितलं. म्हटलं, मग लतीफभाई कशाला हसले? त्यानं विषय बदलला. यंत्र अजून चालतं. आमचे सगळ्यांचे आवाज घेतं. अप्पांचा का घेतला नाही, मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त छळते. समजा त्या रविवारी अप्पांचा आवाज टेपवर लख्ख आला असता, त्या वाक्यासकट... तर मी ती कॅसेट होटगीला पोचवली असती का?